'डिअर एस्थर': दीड तास नुसतं चालायचं, ह्याला गेम म्हणायचं का?

मांडवीकाठी:
पावसात दोन दिवस घरी अडकलो म्हणून 'डिअर एस्थर' परत लावला आणि परत तोच राग आला, की लोक अजून 'हा गेमच नव्हे' एवढं एकच वाक्य धरून बसलेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटं आहेत, त्यातल्या एका ओसाड बेटावर तुम्ही चालता, एक माणूस एस्थरला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे वाचत राहतो आणि लांब डोंगरावर टॉवरचा लाल दिवा लुकलुकतो, बस. धावणं नाही, उडी नाही, शत्रू नाही. 2008 साली हा 'हाफ-लाइफ 2' ह्या गोळीबाराच्या गेमवरचा (म्हणजे शूटरवरचा) फुकट मॉड होता, मॉड म्हणजे आहे त्याच गेममध्ये बदल करून बनवलेला दुसरा गेम, डॅन पिंचबेकनं युनिव्हर्सिटीत असताना संशोधनासाठी केलेला. शूटरमधून बंदूक काढून घेतली तर मागं काय उरतं, हेच बघायचं होतं. मला विचाराल तर बरंच उरतं. 2012 ला नवीन रूपात विकायला आला तेव्हा छोट्या गेमना पैसे पुरवणाऱ्या इंडी फंडचे पैसे सहा तासांच्या आत वसूल झाले, म्हणजे घेणारे होते ना?

डिचोलीचो:
घेणारे होते म्हणजे काय झालं, पुढं काही वर्षांनी घेणाऱ्यांत मीपण होतो. दीड तासात संपला आणि रिफंड घेतला, स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, दोन तासांच्या आत खेळलेलं परत करता येतं, मला काय लाज नाही. चालायचं बटण डब्ल्यू, ते दाबून बोट दुखलं मरे. वाट चुकलो तर तेवढंच रखडत मागं या. समीक्षकांनी बेटाची दृश्यं आणि जेसिका करीचं संगीत डोक्यावर घेतलं ते मान्य, दोन्ही छान आहे, पण मग यूट्यूबवर बघेन की, हातात माऊस कशाला देता?

गावकरवहिनी:
रिफंड!! अरे आमच्याकडे जत्रेचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं ते कोंबडा आरवेपर्यंत चालतं, तिथं तास मोजत बसतोस का? आणि व्हिडिओ बघून भागत नाही, कारण बरेच तुकडे गेम चिठ्ठी काढल्यासारखे निवडतो. मला एक ऐकू आलं, धाकट्या दिराला भलतंच. गोष्टीतल्या त्या हायवेवरच्या अपघातात कोण प्यायलेलं होतं ह्यावरून आम्ही जेवताना भांडलो, सासूबाईंना वाटलं ओळखीतल्या कुणाला तरी झालाय अपघात.

डिचोलीचो:
वहिनी, जत्रेचं नाटक फुकट असतं.

मडगावचा_बांगडा:
चालण्याबद्दल माझी तक्रार नाही, हाताला काही काम नाही ही आहे. 2017 चा 'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच' बघा, तोही असाच फिरत गोष्ट ऐकायचा गेम, बाफ्ता ह्या ब्रिटिश पुरस्कारांत बेस्ट गेम ठरला. त्यात एक पोरगा माशाच्या कारखान्यात असतो. उजव्या हातानं मासा ओढायचा, पात्याखाली डोकं उडवायचं, पुढं ढकलायचं. डाव्या हातानं त्याच्या मनातल्या राज्यात फिरायचं. ते राज्य वाढत वाढत अख्खा स्क्रीन व्यापतं आणि तुमचा उजवा हात बघितल्याशिवाय मासे कापत राहतो. मडगावच्या बाजारात आदोळीवर, म्हणजे विळीवर, मासे कापणारी बाई बघा, बोलते शेजारणीशी, नजर गिऱ्हाइकावर, हात आपला चालूच. तो पोरगा माझ्या हाताला कळला. एस्थरमध्ये माझ्या हाताला काय कळलं? काही नाही. पिंचबेकनं सगळं काढून टाकलं, जागी काही ठेवलं नाही.

मांडवीकाठी:
बांगड्या, मासेवाला भाग भारी आहे, वाद नाही. पण एस्थरचा शेवट आठव (न खेळलेल्यांनी हे सोडा). टॉवरच्या शिडीपाशी गेम चालणंच आपल्या हातून काढून घेतो. इतका वेळ तेवढं एकच आपल्याकडे होतं. तो वर चढायला लागला तरी माझं बोट डब्ल्यूवर दाबलेलंच होतं, स्क्रीन काळा झाल्यावर मला कळलं.

मडगावचा_बांगडा:
ते एक मिनिट दिलं तुला. आधीचे नव्वद?

मांडवीकाठी:
त्या नव्वदांशिवाय बोट तिथं राहिलं असतं का?

मडगावचा_बांगडा:
पंधरा मिनिटांतपण राहिलं असतं.

डिचोलीचो:
ते सगळं राहू दे. अपघातात प्यायलेलं कोण होतं? मला तो तुकडा आलाच नाही.

गावकरवहिनी:
आता विकत घे आणि ऐक.