ट्रेलर लहरतो: ६०० पाउंडाचा वेट डिस्ट्रिब्यूशन हिच घ्यावा की १००० चा?

मनीषनगरकर

नमस्कार मंडळी. यंदा हिंगणा एमआयडीसीतून १६ फुटी कॅरव्हॅन ट्रेलर बांधून घेतला. आईचे गुडघे गेलेत. हॉटेलच्या पायऱ्या, उंच संडास, परक्या गाद्या, यातलं तिला काहीच जमत नाही, आणि तिला घरी ठेवून आम्हाला फिरायचं नाही. म्हणून हा खटाटोप.

ट्रेलर एका अॅक्सलचा. ब्रेक इलेक्ट्रिक, कंट्रोलर स्टिअरिंगखाली. धरमकाट्यावर सामान-पाण्यासकट भरला १३८० किलो. ओढायला लॅडर फ्रेमची सात सीटर डिझेल गाडी. तिच्या पुस्तिकेतल्या ओढण्याच्या मर्यादेत हे वजन बसतं, ते आधीच पाहिलं होतं.

गेल्या रविवारी जबलपूर रोडने निघालो. मनसरपर्यंत ठीक. देवलापार सोडल्यावर ७५ च्या वेगात होतो, तेवढ्यात एक लांबलचक ट्रक बाजूने गेला. आधी ट्रेलर त्याच्याकडे ओढल्यासारखा झाला, मग मागून डावी-उजवी सुरू झाली. मी ब्रेक दाबला तर आणखी वाढली. आरशात ट्रेलरची एकदा डावी भिंत दिसे, एकदा उजवी. आईने नातवाचा हात इतका घट्ट धरला होता की थांबल्यावर त्याच्या मनगटावर बोटं उमटलेली होती. कुरई घाट राहिला, तिथूनच परत फिरलो.

विकणारा म्हणतो, १००० पाउंडाचा वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावा, म्हणजे ट्रेलरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटणारा जोड, जितका मोठा तितका चांगला. दुसरीकडे ६०० चा मिळतोय. कोणता घेऊ? आईला पुन्हा बसवण्याआधी मला खात्री पाहिजे.

ट्रॉलीवाला काका

भाऊ, अजून काहीच मागवू नका. आधी दांड्यावरचं वजन सांगा, म्हणजे कपलर (दांड्याच्या टोकाची वाटी) बॉलवर (गाडीमागच्या गोळ्यावर) किती किलोने बसतो ते. २२ वर्षं झाली ट्रॉल्या आणि जनरेटरचे ट्रेलर बांधून राहिलो. लहरणाऱ्या ट्रेलरचं पहिलं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. तुमचा ट्रेलर त्याच वाटेवर दिसतो. अशा ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर पाहिजे. तुमच्या १३८० ला म्हणजे १३८ ते २०७ किलो. त्याहून कमी असला तर ट्रकच्या वाऱ्याचा एक धक्का पुरतो.

घरीच मोजा. सपाट जागेवर, ट्रेलर पूर्ण भरलेला, चाकांना दगड लावलेले. एक मजबूत लाकडी बल्ली घ्या. तिचं एक टोक विटेवर, दुसरं बाथरूमच्या वजनकाट्यावर, दोन टेकूंमध्ये बरोबर तीन फूट. कपलर विटेपासून एक फुटावर टेकवा. काटा जे दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे दांड्यावरचं वजन. नुसत्या बल्लीचं वजन आधी काट्यावर बघून ठेवा आणि तिप्पट करण्याआधी वजा करा. आणि कपलरची उंची बॉलवर असते तेवढीच ठेवा, नाहीतर आकडा चुकतो.

पाण्याची टाकी कुठे आहे? मागे काय टांगलंय?

तोवर एवढं लक्षात ठेवा. पुन्हा लहरला तर पायाचा ब्रेक नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि कंट्रोलरची हाताने दाबायची पट्टी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागून ताणला गेला की सरळ होतो.

वाडी नाका

ट्रेलरची नोंदणी झाली ना? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच धरलंय, त्याला स्वतःचा नंबर लागतो. अपघात झाला तर विमावाला पहिल्यांदा तेच विचारेल.

मनीषनगरकर

नोंदणी झाली आहे दादा, विमाही काढलाय.

काका, मोजलं. तीनदा मोजलं. काटा साडेएकतीस, म्हणजे ९५ किलो. सात टक्केसुद्धा नाही. १०० लिटरची टाकी मागच्या पलंगाखाली आहे, आणि मागच्या भिंतीवर पोरांच्या दोन सायकली. बांधणाऱ्याने टाकी मागे घेतली कारण नळाची लाइन तिथून सोपी जात होती.

ट्रॉलीवाला काका

सापडलं. टाकी अॅक्सलच्या पुढे घ्या, सायकली आत अॅक्सलवर ठेवा. नळाची लाइन लांबली तर लांबू द्या. हे न करता हिच लावला असता तर दुखणं झाकलं गेलं असतं आणि १०० च्या वेगात पुन्हा वर आलं असतं.

आता पुढचं. वजन पुढे घेतलं की बॉलवर १८०-१९० येईल. तेवढ्याने गाडीचं बूड खाली बसेल आणि नाक वर जाईल. बॉल मागच्या चाकांच्याही मागे असतो, म्हणून तिथे दाबलं की पुढची चाकं तरफेसारखी हलकी होतात. स्टिअरिंग सैल लागतं, रात्री समोरच्याच्या डोळ्यात लाइट जातो. या हिचचं खरं काम इथे सुरू होतं. बॉलखालच्या डोक्यातून दोन स्प्रिंग बार निघतात आणि ट्रेलरच्या दांड्याला ताणून अडकवतात. ते वाकलेले बार मागच्या चाकांवरचा भार उचलून थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या अॅक्सलवर टाकतात. एकूण वजन तेवढंच राहतं. गाडीची ओढायची ताकदही त्याने वाढत नाही, कोणी काहीही सांगो.

बार निवडायचे दांड्यावरच्या वजनावरून. त्यात डिक्कीत मागच्या चाकांमागे ठेवलेलं सामान मिळवायचं. १९० अधिक समजा ६०, म्हणजे २५० किलो, साधारण ५५० पाउंड. तुम्हाला ६०० चा सेट. १००० चा बार म्हणजे ४५० किलोचा. तो तुमच्या वजनाला नीट वाकणारच नाही. प्रत्येक खड्ड्याचा हिसका दांड्याच्या वेल्डिंगवर आणि गाडीच्या चेसिसवर जाईल. मोठा म्हणजे चांगला हे इथे लागू नाही.

आणि तुमचा टो हुक कसा आहे ते बघा. एकजण बंपरच्या पट्टीला वेल्ड केलेला हुक घेऊन माझ्याकडे आला होता. बार चढवताच पट्टी कापड पिळल्यासारखी पिळली. या हिचला चेसिसच्या दोन्ही दांड्यांना बोल्टने धरलेला चौकोनी रिसीव्हर, म्हणजे हिच ज्यात घुसतो ती नळी, लागतो. हंसाच्या मानेसारखा वाकडा बॉल चालत नाही.

सदर ते डेन्व्हर

मी मूळ नागपूरच्या सदरचा, आता कोलोरॅडोत कॅरव्हॅन ओढतो. काकांच्या शब्दाशब्दाशी सहमत. थोडी भर घालतो.

इथे रिसीव्हरवर स्टिकर असतो आणि त्यावर दोन आकडे असतात: बार नसताना किती वजन आणि बार लावल्यावर किती. काही रिसीव्हरना बार लावायची परवानगीच नसते. गाडीच्या पुस्तिकेतही बघा, काही कंपन्या असा हिच वापरू नका असं स्पष्ट लिहितात.

बार दोन प्रकारचे. गोल बार डोक्यात खालून घुसतो, स्वस्त असतो, पण खाली लटकतो. ट्रनियन बार बाजूने बसतो आणि जमिनीपासून उंच राहतो. नागपूरचे स्पीडब्रेकर आठवतात, मी ट्रनियनच घेईन. काही सेटमध्ये बार साखळीने टांगतात, त्यात लहरणं आवरायला वेगळी घर्षणपट्टी लागते आणि ती रिव्हर्स घेण्याआधी काढावी लागते. काहींमध्ये बार लोखंडी ब्रॅकेटवर घासत बसतो आणि तेच घर्षण ट्रेलर धरतं, रिव्हर्सला काही काढायचं नाही. आई बरोबर असताना दर वेळी खाली उतरणं नको, दुसरा घ्या.

ज्यांच्या ट्रेलरला धक्क्याने चालणारे ब्रेक आहेत, म्हणजे कपलर मागे सरकून ब्रेक लागतो, त्यांनी असला ब्रॅकेटचा सेट लावू नये. कपलर सरकायलाच अडतो.

बॉलचा आकडाही बघा. आपल्याकडचा ५० मिमी, इथला दोन इंची म्हणजे ५०.८. कपलर दोन इंची आणि बॉल ५० चा असेल तर वरून बसलेला दिसतो, पण आत सैल खेळतो. दोन्हीवर कोरलेला आकडा जुळला पाहिजे.

मनीषनगरकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. टाकी पुढे घेतली, सायकली आत. बल्लीवर काटा ६३, म्हणजे १९० किलो. ६०० चा ट्रनियन सेट, ब्रॅकेटवाला, नवीन रिसीव्हरसकट बसवला.

मग कुटुंबाला बसवून कळमन्याच्या बाजूला धरमकाट्यावर गेलो. काटेवाल्याला तीनदा तोलायला लावलं, तो बिचारा काही बोलला नाही.

नुसती गाडी: पुढचा अॅक्सल १०४०, मागचा ११६०.
ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढचा ९५५, मागचा १४३५, ट्रेलरचा ११९०.
बार लावून: पुढचा १०१५, मागचा १३४५, ट्रेलरचा १२२०.

पुढच्या मडगार्डची उंची टेपने घेतली. आधी ८६ सेंमी, जोडल्यावर ८८, बार चढवल्यावर ८६.६. बरोबर आहे का काका? की पूर्ण ८६ वर आणू?

परवा आईशिवाय एकटाच देवलापारपर्यंत जाऊन आलो. ट्रक गेले की ट्रेलर एकदा हलतो आणि जागेवर येतो. कंट्रोलरला हात लावावा लागला नाही.

एक अडचण. आमच्या ले-आउटच्या तोंडाशी सिमेंट रोड झालाय आणि तो गल्लीपेक्षा वीतभर उंच आहे. तिथून उतरताना बार कडकड वाजतात.

ट्रॉलीवाला काका

आकडे उत्तम. गेलेल्या ८५ किलोतले ६० पुढच्या चाकांवर परत आले. हिचच्या पुस्तिकेत काही वेगळं लिहिलं नसेल तर एवढ्यावर थांबा. ८६ च्या खाली तर कधीच जाऊ देऊ नका, तेव्हा मागची चाकं हलकी होतात आणि पावसात गाडीच घसरते. ५० किलोमीटर चालवून सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. बॉलला आणि बारच्या डोक्यात बसणाऱ्या टोकांना ग्रीस, पण ब्रॅकेटवर जिथे बार घासतो तिथे नाही.

सिमेंट रोडच्या त्या काठावर बार लावून उतरू नका. गाडी खाली आणि ट्रेलर वर असताना बारवर भलताच ताण येतो. काठाच्या आधी, सपाटीवर थांबा. कपलर बॉलवर लॉक असू द्या आणि ट्रेलरच्या जॅकने दांडा गाडीसकट वर उचला, बार हाताने निघेल इतका सैल होईपर्यंत. जॅक कमी उचलून पाइपाने बार ओढू नका, तो सुटला तर मनगट मोडतं. काढताना त्याच्या समोर उभं राहू नका, बाजूने धरा. मग जॅकचा पाय जमिनीवरून पूर्ण वर ओढून घ्या, पायाच्या चालीने उतरा आणि घरासमोर लावा. निघताना उलट क्रमाने, गल्लीबाहेर सपाटीवर बार चढवा. मुलाला जॅक फिरवायला शिकवा, पण बारला हात तुम्हीच लावा.