मदत हवी आहे: विद्यार्थिनीच्या पोर्टफोलिओतील आजीची चित्रे सर्वांसाठी खुली ठेवावीत का?

नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजार भागात मी चित्रकलेचा क्लास चालवते. येथील ललित कला शाखेच्या किंवा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या प्रवेशाची तयारी करणारी अकरावी-बारावीची मुले माझ्याकडे येतात. त्यांचे काम एका दुव्यावर दाखवता यावे म्हणून गेल्या वर्षी मी प्रत्येकाचे वेबपान तयार केले आणि त्यावर पूर्ण नाव, शाळा व फोन नंबरही घातला. पालकांना मी तोंडी विचारले होते, पण पान कोणालाही शोधून सापडेल हे ना त्यांच्या लक्षात आले, ना माझ्या. गेल्या महिन्यात एका अनोळखी माणसाने सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीला फोन करून तिच्या चित्रांची स्तुती केली आणि ती क्लासला किती वाजता येते, असे विचारले. त्याच संध्याकाळी मी सगळी पाने काढून टाकली. चूक माझी होती आणि तिच्या आईवडिलांची मी माफी मागितली आहे.

नंतर मूळ फाइली तपासताना आणखी एक गोष्ट आढळली. चित्रांच्या, मुलांनी घरी मोबाइलवर काढलेल्या फोटोंत, लोकेशन चालू असल्यामुळे, घराचे अक्षांश-रेखांश नोंदले गेले होते आणि मी त्याच फाइली ड्राइव्हवर जशाच्या तशा चढवल्या होत्या. आता ही माहिती पुसून नव्या प्रती करत आहे.

माझा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. याच मुलीने स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या आजीची कोळशाने दहा चित्रे काढली असून प्रत्येकाखाली आजीच्या तोंडची वाक्ये लिहिली आहेत. मी आजवर शिकवलेल्या मुलांच्या कामांत इतके प्रामाणिक काम क्वचितच पाहिले आहे. आजींना चित्रे दाखवली तेव्हा एके दिवशी त्या हसून ‘ठेव की’ म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी ‘ही कोण बाई?’ असे त्यांनी विचारले. असा होकार होकार मानावा का? मुलीच्या वडिलांना आईची ही अवस्था चारचौघांत नको आहे, तर मुलीला ही चित्रे वगळणे म्हणजे आजीला लपवणे वाटते. मला दोघांचेही म्हणणे पटते, म्हणूनच निर्णय होत नाही. पोर्टफोलिओ पुन्हा लावण्यापूर्वी अनुभवी मंडळींनी मार्ग सुचवावा, ही विनंती.

प्रतिसाद:

ताई, आधी कायद्याचे सांगतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. निव्वळ घरगुती वापराला सूट आहे, पण क्लासचे वेबपान त्यात बसवता येईल असे मला वाटत नाही, तेव्हा संमती लेखी घ्या. शिवाय चित्रांचा स्वामित्वहक्क मुलीचा आहे, त्यामुळे क्लासच्या पानावर ती लावायची तर तिचीही परवानगी हवी.

आजींच्या बाबतीत मी वडिलांच्या बाजूने झुकतो, कारण नकार देण्याची क्षमता ज्यांच्यात उरलेली नाही त्यांच्या वतीने घरच्यांनी सावध राहणे योग्यच आहे. मात्र त्यासाठी चित्रे टाकून द्यायला नकोत. परीक्षकांना पूर्ण संच दाखवा, पण ‘दुवा असलेल्या कोणालाही’ हा पर्याय बंद करून ठरावीक ईमेल पत्त्यांनाच ड्राइव्हवर प्रवेश द्या किंवा छापील प्रती मुलाखतीला न्या. खुल्या पानावर केवळ हातांची किंवा पाठमोरी चित्रे ठेवावीत आणि आजींची वाक्ये घालू नयेत. काढलेली पाने शोधात अजूनही दिसत असतील तर गूगलकडे जुना मजकूर हटवण्याची विनंती करता येते.

धागाकर्ती:

आभारी आहे. हातांची दोन चित्रे संचात आहेत आणि तीच तिची सर्वांत आवडती आहेत. आज संध्याकाळी मुलगी आणि तिचे वडील दोघांनाही बोलावले आहे. कोणती चित्रे खुली ठेवायची हे तिने सुचवावे आणि वडिलांनी आजींच्या वतीने पाहावे, असे मी त्यांच्यापुढे मांडणार आहे.