चार्टर योजनेतून यॉट विकत घ्यावी का?

प्रेषक: सुहास
विषय: चार्टर योजनेतून यॉट – सल्ला हवा आहे

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या चार कुटुंबांपुढे सध्या एक प्रस्ताव आहे आणि सही करण्यापूर्वी मंडळातील जाणकारांचे मत घ्यावे, असे ठरले आहे. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधील टॉर्टोला बेटावर राहणारी सुमारे ४५ फुटी नवी कॅटमरान (दोन जोडसांगाड्यांची शिडाची बोट) आम्ही विकत घ्यायची, ती पाच वर्षांसाठी चार्टर कंपनीच्या, म्हणजे पर्यटकांना बोटी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या, ताफ्यात द्यायची, आणि त्या काळातला मरिनाचा (बोट उभी करण्याच्या धक्क्याचा), विम्याचा, दुरुस्तीचा आणि साफसफाईचा सगळा खर्च कंपनीने उचलायचा, असे योजनेचे स्वरूप आहे. बोटीची किंमत ६,००,००० डॉलर असून त्यातले १,२०,००० आम्ही रोख भरायचे आहेत. उरलेल्या ४,८०,००० डॉलरसाठी ८ टक्के व्याजाने वीस वर्षांचे कर्ज मिळते. बोट भाड्याने जावो अथवा न जावो, कंपनी दरवर्षी किमतीच्या ८ टक्के, म्हणजे ४८,००० डॉलर, आम्हाला देणार आहे.

कर्जाचा हप्ता दरमहा सुमारे ४,०१५ डॉलर येतो आणि कंपनीकडून दरमहा ४,००० येतात, त्यामुळे बोट स्वतःचा हप्ता स्वतःच भरते, असे विक्री प्रतिनिधीचे म्हणणे आहे. शिवाय मालकांना वर्षाकाठी १२ आठवडे वापरासाठी मिळतील आणि संपूर्ण किमतीचा घसारा पहिल्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा होईल, असेही त्यांनी सांगितले. हिशेबात आम्हाला खोट दिसत नाही, आणि नेमकी त्याचीच थोडी धास्ती वाटते.

आपला,
सुहास

*

प्रेषक: अरविंद
विषय: उत्तर: चार्टर योजनेतून यॉट – सल्ला हवा आहे

प्रिय सुहास,

तीस वर्षे सीपीए, म्हणजे अमेरिकेतला सनदी लेखापाल, म्हणून काम केल्यामुळे मी या प्रस्तावाकडे पहिल्या हप्त्यापासून पाहत नाही, शेवटच्या दिवसापासून पाहतो. पाच वर्षांनी कंपनी बोट तुमच्या हवाली करील त्या दिवशी कर्जापैकी सुमारे ४,२०,००० डॉलर शिल्लक असतील, कारण वीस वर्षांच्या कर्जात सुरुवातीचे हप्ते मुख्यतः व्याजातच जातात. चार्टरमध्ये पाच वर्षे राबलेली बोट मूळ किमतीच्या ६० टक्क्यांना विकली गेली असे धरले, तर ३,६०,००० हाती येतात. त्यातून दलालाचे १० टक्के, म्हणजे ३६,००० वजा करावे लागतील, आणि ताफ्यातून बाहेर पडतानाची तपासणी व डागडुजी यांसाठी, बोट फार खराब नसेल तर, १५,००० धरा. उरले ३,०९,०००. बँकेचे देणे चुकते करायला तुम्हाला आणखी १,११,००० खिशातून घालावे लागतील आणि सुरुवातीचे १,२०,००० गेलेलेच असतील. हिशेब पुरा केला तर पाच वर्षांत २,३१,००० डॉलर खर्च झाले. विक्रीचा भाव ६० ऐवजी ७० टक्के मिळाला, तर हा आकडा १,७७,००० वर येतो. ठरलेली रक्कम वेळेवर मिळत राहील की नाही, यापेक्षा पाच वर्षांनंतरच्या बाजारात भाव काय असेल, यावर सगळा व्यवहार उभा आहे, आणि त्या भावाची हमी मात्र कोणीही देत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात भाड्याने दिलेल्या पुण्यातल्या फ्लॅटचे गणित पक्के बसलेले असते. भाडेकरूने हप्ता भरला की मालमत्ता आपली, आणि दरम्यान तिची किंमतही वाढलेली, असा तो अनुभव आहे. बोटीची किंमत त्याच काळात खाली येते, हा एवढाच फरक. पण तो सगळे गणित उलटे करतो.

आता कराविषयी. पहिल्या वर्षी पूर्ण घसारा मिळण्याची सवलत २०२५ च्या कायद्याने १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेसाठी पुन्हा आणली आहे, हे खरे. परंतु वर्षातला बहुतेक काळ अमेरिकेबाहेर वापरल्या जाणाऱ्या मालमत्तेला ती सामान्यतः लागू होत नाही, आणि टॉर्टोला हा ब्रिटिश प्रदेश आहे. अशा बोटीचा घसारा १८ वर्षांवर समान विभागून घ्यावा लागतो, म्हणजे वर्षाला साधारण ३३,००० डॉलर. त्यातही बोट पाच वर्षे कंपनीच्या स्वाधीन असल्यामुळे हा व्यवहार पॅसिव्ह, म्हणजे मालकाचा प्रत्यक्ष कामात सहभाग नसलेला, ठरतो आणि त्यातला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

याहून मोठी अडचण अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम २८०ए मध्ये आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली बोट आयकर खात्याच्या दृष्टीने निवासस्थान असते. वर्षात १४ दिवस किंवा भाड्याने गेलेल्या दिवसांचे १० टक्के, यांतला जो आकडा मोठा असेल त्यापेक्षा जास्त दिवस स्वतः वापरल्यास बोटीच्या भाड्यापलीकडे खर्च वजा करता येत नाहीत, आणि चारही मालकांचे व त्यांच्या घरच्यांचे दिवस यात एकत्र मोजले जातात. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. उरलेले २८१ दिवस बोट एकही दिवस रिकामी न राहता भाड्याने गेली, तरी तुमची मर्यादा २८ दिवसांवर थांबते. प्रतिनिधीने बारा आठवडे आणि करसवलत या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत सांगितल्या असतील, तर त्यांना हे कलम दाखवून उत्तर लेखी मागावे.

बोट पुढे न्यू जर्सीला आणायचा विचार असेल, तर आयात शुल्काची चौकशी करून ठेवा. राज्याचा विक्री वा वापर कर बोटींसाठी निम्मा केलेला असून तो २०,००० डॉलरच्या वर जात नाही, एवढा एक दिलासा आहे.

तुझा,
अरविंदकाका

*

प्रेषक: वर्षा
विषय: उत्तर: उत्तर: चार्टर योजनेतून यॉट

नमस्कार सुहासराव, नमस्कार अरविंदकाका,

पैशांचा भाग काकांनी स्पष्ट केला आहे; मी शिडाच्या बोटी चालवते, म्हणून पाण्यावरच्या गोष्टींपुरतेच लिहिते.

टॉर्टोला हे या व्यवसायाचे जुने ठिकाण आहे. द मूरिंग्ज ही कंपनी १९६९ मध्ये तिथेच सुरू झाली. व्यापारी वारे बहुधा एकाच दिशेने वाहत असतात आणि पुढचे बेट डोळ्यांना दिसत असते, त्यामुळे नवशिक्यालाही तिथे धीर येतो. वर्जिन गोर्डा बेटावरचे बाथ्स (प्रचंड शिळांमधला समुद्रकिनारा) आणि योस्ट व्हॅन डाइक ही ठिकाणे एका आठवड्यात आरामात होतात. अनेगाडा मात्र सपाट बेट असून भोवती प्रवाळाची रांग आहे, त्यामुळे तिथे जाताना जपून जावे लागते.

तथापि, बोट आपल्या नावावर आहे म्हणून तिचे सुकाणू आपल्या हाती मिळेलच, असे नाही. भाडेकरूप्रमाणे मालकालाही कंपनीला आपला अनुभव लिहून द्यावा लागतो. आपल्या चार कुटुंबांपैकी कोणी एएसए या नौकानयन शिकवणाऱ्या अमेरिकी संस्थेचे १०१, १०३, १०४ आणि कॅटमरानसाठीचा ११४ हे अभ्यासक्रम केले आहेत का? केले नसतील, तर दरवेळी कप्तान भाड्याने घ्यावा लागेल आणि त्याचा खर्च योजनेत धरलेला नसतो.

दुसरा मुद्दा मोसमाचा आहे. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानतात, आणि गिऱ्हाईक डिसेंबर ते एप्रिलमध्ये असते. मालकांच्या बारा आठवड्यांपैकी नाताळातले आणि मार्चमधल्या शाळेच्या सुट्टीतले किती मिळतील, हे करारात पाहावे. मुले शाळेत असलेल्या चार कुटुंबांना नेमके तेच आठवडे हवे असणार, आणि ते वाटून घेताना आपसांतली मैत्री पणाला लागते.

इर्मा वादळाचेही एकदा वाचून घ्यावे. ६ सप्टेंबर २०१७ रोजी पाचव्या श्रेणीचे हे वादळ या बेटांवरून गेले, तेव्हा आसऱ्यासाठी पॅराकिटा उपसागरात दाटीने बांधून ठेवलेल्या चार्टर बोटी एकमेकींवर चढून ढीग झाल्या. बोट पूर्ण बुडीत निघाली, तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात आणि मालकाचे उरलेले आठवडे कुठे व कसे मिळणार, हे कराराच्या शब्दांवर अवलंबून राहते. पुढे मार्च २०२० पासून त्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत ही बेटे पर्यटकांना बंद होती. बोट भाड्याने जावो अथवा न जावो, हे वाक्य अशा प्रसंगीही लागू आहे का, एवढे विचारून पाहा.

वर्षा

*

प्रेषक: नीलेश
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: चार्टर योजनेतून यॉट

मंडळी,

अशा योजनेत माझी एक बोट आहे, म्हणून दुसरी बाजूही नोंदवावीशी वाटते. काकांचे आकडे मान्य आहेत, पण २,३१,००० डॉलर कशासाठी गेले, हेही मोजायला हवे. अशा बोटीला हंगामात आठवड्याला साधारण दहा ते पंधरा हजार डॉलर भाडे पडते. वर्षाला दोनच आठवडे गेलात, तर पाच वर्षांत दहा आठवडे होतात आणि प्रत्येक आठवडा २३,१०० डॉलरला पडतो, जो सरळ भाड्यापेक्षा खूपच महाग आहे. सहा आठवडे गेलात, तर तोच ७,७०० वर येतो, आणि बारा आठवडे खरोखर वापरलेत तर ३,८५० वर. आम्ही दोघे निवृत्त आहोत, मे महिन्यात किंवा नोव्हेंबरच्या शेवटी जायला आम्हाला अडचण नसते, आणि पाच वर्षांनी बोट विकायची नसून तिच्यावर राहायचे आहे, म्हणून आम्हाला हे परवडते. नोकरी सांभाळून, शाळेच्या सुट्ट्या पाहून जाणाऱ्याला ते परवडेल, असे मला वाटत नाही.

ज्याला पुढे स्वतःचीच बोट हवी आहे, त्याने ताफ्यातून बाहेर पडणारी पाच वर्षांची बोट विकत घेण्याचाही विचार करावा. पहिल्या मालकाने सोसलेली घसरण तिथे आपल्या पथ्यावर पडते. मात्र इंजिनाचे तास, शिडे आणि डेकच्या आतला ओलावा यांची तपासणी स्वतंत्र सर्व्हेअरकडून, म्हणजे बोटींची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून, करून घ्यावी. विकणाऱ्याने सुचवलेला सर्व्हेअर घेऊ नये.

नीलेश

*

प्रेषक: सुहास
विषय: उत्तर: चार्टर योजनेतून यॉट – निर्णय

आदरणीय अरविंदकाका, वर्षाताई आणि नीलेशराव,

तिन्ही पत्रे चारही घरांत वाचली गेली. आमच्यापैकी कोणालाही वर्षाला तीन आठवड्यांहून अधिक रजा मिळत नाही आणि एएसएचा अभ्यासक्रमही कोणी केलेला नाही, त्यामुळे सही न करण्याचे ठरले आहे. काकांनी सुचवलेला प्रश्न मी तरीही प्रतिनिधीला लेखी विचारला. आपल्या करसल्लागाराशी बोलावे, एवढेच उत्तर आले.

येत्या मे महिन्यात एका आठवड्यासाठी बोट कप्तानासह भाड्याने घेणार आहोत. चार खोल्यांपैकी एक रिकामी आहे, कारण एका कुटुंबाला त्या वेळी सुट्टी नाही. कोणाला यायचे असल्यास मला या महिनाअखेरपर्यंत स्वतंत्रपणे कळवावे. कप्तानासकट येणारा खर्च चार खोल्यांत समान वाटला जाईल.

आपला,
सुहास