११,५०० चा फुल सेट कॉम्प्युटर, घेऊ का?

प्रेषक: ताई, सुदामा नगर, इंदूर

नमस्कार मंडळी,

विषय घरगुती आहे पण ह्या मेलच्या यादीवर जाणकार बरेच आहात म्हणून विचारतेय. माझ्या सासऱ्यांच्या ११ वह्या घरात आहेत. ते मिलमधे हिशेबनीस होते, रोज रात्री जेवण झालं की चार ओळी लिहायचे, पगार किती झाला, तुरीची डाळ काय भावाने आणली, कोणाकडे बारसं झालं, अनंत चतुर्दशीला कुठल्या मिलची झाँकी (मिरवणुकीतला देखावा) चांगली होती, असं सगळं. १९९१ मधे मिल बंद पडली त्या आठवड्यात पानं कोरी आहेत, मग पुढे पुन्हा लिहिलंय. आता शाई पुसट व्हायला लागलीये, दोन वह्यांना वाळवी लागून गेली. मला हे सगळं टाइप करून ठेवायचंय. मोबाइलवर १५ पानं केली आणि अंगठा इतका दुखून आला की पोळ्या लाटता येईनात.

तर परवा कॉलनीच्या ग्रुपवर एक जाहिरात आली, आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११, १९ इंची एलईडी, कीबोर्ड, माउस, वायफाय, एक वर्षाची वॉरंटी, सगळं मिळून ११,५००. फोटोत तर नवंकोरं दिसतंय, डब्याला आतून निळे दिवे पण आहेत. मुलगा म्हणतो थांब, दिवाळीत येईन तेव्हा लॅपटॉप आणतो. पण दिवाळीला अवकाश आहे आणि वाळवी काही थांबत नाही. घेऊ का?

प्रेषक: पूर्वी रामबाग, इंदूर, आता एडिसन, न्यू जर्सी

ताई नमस्कार,

वह्यांचं वाचून फार बरं वाटलं, कराच हे काम. आता जाहिरातीबद्दल. त्यात सगळं लिहिलंय, एक गोष्ट सोडून, आणि तीच मेन आहे. आय-५ कुठल्या जनरेशनचा, म्हणजे कितव्या पिढीचा? आय-५ हे नाव २००९ पासून चालू आहे, म्हणजे नुसतं आय-५ म्हणणं म्हणजे "मारुती गाडी आहे, घ्या" म्हणण्यासारखं झालं, कुठल्या सालची ते कळायला नको का? पुढे जो नंबर असतो त्यातून कळतं. २४०० असेल तर दुसरी जनरेशन, २०११ ची. ३४७० म्हणजे तिसरी, २०१२. ८५०० म्हणजे आठवी, २०१८. १२४०० असेल तर बारावी. दुकानदार नंबर सांगत नसेल तर प्रोसेसर दुसरी-तिसरीतलाच आहे असं धरून चाला.

घ्यायचं तर निदान आठवी जनरेशन घ्या. का, तर विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची आठवी किंवा त्यापुढची जनरेशन आणि टीपीएम २.० नावाची सिक्युरिटीची चिप अशी अट घातलीये. त्याखालच्या मशीनवर ते आडवळणाने चढवता येतं, चालतंही, पण कंपनी त्या मशीनची जबाबदारी घेत नाही आणि पुढचे मोठे अपडेट येतीलच असं नाही. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, वर्षभराची मुदतवाढ आहे ती पण ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. म्हणजे जुनं मशीन घेतलं तर विंडोजचा प्रश्न पहिल्याच दिवसापासून तुमच्या गळ्यात.

जनरेशन विचारा आणि इथे लिहा. त्याआधी ॲडव्हान्स देऊ नका प्लीज.

प्रेषक: काका, लोकमान्य नगर, इंदूर

ताई, मी तीन वर्षांपूर्वी असाच एक सेट घेतला होता, सौच्या ट्यूशनसाठी, दुकानाचं नाव लिहीत नाही. कॉम्प्युटर पहिले आठ महिने उत्तम चालला, खोटं का बोलू. मग मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली-आली आणि आत फट् असा आवाज होऊन जळका वास आला. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, उडाला. तो वाहून न्यायला हातात घेतला तेव्हा कळलं की किती हलका होता, वर ४५० वॉट छापलेलं आणि वजन म्हणाल तर रिकाम्या डब्याएवढं. तो एकटा गेला असता तर ठीक होतं, जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला. त्यात सौने स्वतः काढलेले सातवी-आठवीच्या गणिताचे सगळे पेपर होते, सहा वर्षांचे, दुसरीकडे कुठेच कॉपी नव्हती. दुकानदार म्हणाला वॉरंटी "सर्विसची" आहे, पार्टची नाही. पावती पाहिली तर कच्ची, त्यावर नुसतं "कॉम्प्युटर १ नग".

सौ त्या दिवशी काही बोलली नाही, स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडत बसली. अजून आठवलं की पोटात तुटतं.

म्हणून सांगतो, डबा बंद करून काय चमकतंय ते बघू नका, उघडायला लावा. एसएमपीएसवर कोणाचं नाव आहे ते वाचा. पक्कं बिल घ्या, त्यात बोर्ड, प्रोसेसर, एसएसडी प्रत्येकाचा नंबर आणि वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. आणि बरोबर यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी थोडा वेळ वीज देणारी बॅटरी, घ्याच, ६०० व्हीएचा पुरतो.

प्रेषक: वहिनी, वडोदरा

सगळ्यांचं वाचलं, पण जुन्या मशीनला इतकं पण वाईट म्हणू नका हं. आमच्याकडे तिसऱ्या जनरेशनचा आय-५ आहे, मुलाने त्यात ८ जीबी रॅम आणि २४० जीबीची एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली आणि विंडोज काढून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजीची फुकट सिस्टिम, घातलं, गेली चार वर्षं माझं सगळं त्यावर चालतं, बँक, मेल, रविवारी आईशी व्हिडिओ कॉल. लिब्रे ऑफिसमधे, म्हणजे त्यातल्या वर्डसारख्या फुकट प्रोग्रॅममधे, मराठी टायपिंग झकास होतं. साधं लिहिण्या-वाचण्याच्या कामाला प्रोसेसर आडवा येत नाही, आडवी येते ती जुनी फिरती हार्ड डिस्क. एसएसडी घातली की तेच मशीन पंधरा-वीस सेकंदात उभं राहतं.

फक्त, आम्ही त्या डब्याचे ४,००० दिले होते, ऑफिसातून निघालेला होता आणि जुना म्हणूनच सांगून दिला होता. ११,५०० नाही. तेव्हा जुना नको असं नाही, जुना असेल तर जुन्याचे पैसे द्या. आणि घरात कोणी लिनक्स सांभाळणारं असेल तरच त्या वाटेला जा, ताईंचा मुलगा बाहेर, अडलं तर कोणाला हाक मारणार.

प्रेषक: ताईंची भाची, इंदूर

सगळ्यांना नमस्कार, मी एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजला तिसऱ्या वर्षाला आहे, मावशीने मला काल दुकानात नेलं, रिपोर्ट देते.

पहिले दुकानदार काका मशीन चालू करून गाणं लावून दाखवत होते, मी म्हणलं गाणं राहू द्या, मला टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनच्या आतली माहिती दाखवणारी खिडकी, बघू द्या. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं, परफॉर्मन्समधे गेलं की सीपीयूवर नाव लिहिलेलं असतं. आय-५ ३४७०. म्हणजे एडिसनचे दादा म्हणाले तेच, २०१२ चा. रॅम १६ जीबी आहे खरी, पण स्पीड १३३३ दाखवतोय म्हणजे डीडीआर-३, जुन्या प्रकारची, ती उद्या नव्या मशीनमधे लावता येणार नाही, आणि स्लॉट दोनच आहेत ते दोन्ही भरलेले. बोर्ड एच६१ चा, म्हणजे त्यावरची मुख्य चिप (चिपसेट) २०११ ची, पण बोर्ड दिसायला नवा. हाच तर घोळ आहे, बोर्ड नवा, कॅबिनेट नवं, दिवे नवे आणि मधला प्रोसेसर कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला. ते "ब्रँड न्यू" म्हणतात आणि अर्धं खरं असतं, त्यामुळे भांडता पण येत नाही.

मग मी पेन ड्राइव्हमधून क्रिस्टल डिस्क इन्फो चालवलं, फुकट मिळतं, एसएसडीची तब्येत सांगतं. त्यात पॉवर ऑन अवर्स ४१,२०० निघाले. वर्षाचे तास ८,७६० होतात, म्हणजे ती एसएसडी पावणेपाच वर्षं चोवीस तास कुठेतरी चालून आलीये, बहुतेक कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला नाहीतर सर्व्हरला असणार. जाहिरातीत हीच "५१२ जीबी एसएसडी" नवी म्हणून मोजलेली. दुकानदार काका स्वतःच आश्चर्याने बघत होते, मला वाटतं त्यांनाही माहीत नव्हतं, माल वरूनच तसा येत असेल.

विंडोजचं पण बघितलं. सेटिंग्जमधे ॲक्टिव्हेशनला "ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्विसने ॲक्टिव्हेट केलंय" असं आलं. ते मोठ्या कंपन्यांसाठी असतं, १८० दिवसांची मुदत असते आणि कंपनीच्या सर्व्हरवरून रिन्यू होत राहतं. मावशीची कुठली कंपनी? म्हणजे लायसन नाहीच, कसलंतरी टूल मारलंय, आणि असल्या टूलबरोबर आत आणखी काय आलंय ते देव जाणे. त्याच मशीनवर मावशी पेन्शनचं खातं उघडणार होती.

मॉनिटर चौकोनी १९ इंची, १२८० बाय १०२४, जुन्या व्हीजीए केबलवर. मावशीला मी वहीचं एक पान टाइप करून दाखवलं. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळत होते, "ह्रस्व" हा शब्द तिला चष्मा लावून पण वाचता येईना. तिथेच ती म्हणाली, चल.

प्रेषक: पूर्वी रामबाग, आता एडिसन

शाब्बास पोरी. इतकं नीट बघणारं माणूस बरोबर असलं की अर्धं काम झालं.

आता हिशेब मांडू. त्या ११,५०० मधे एसएसडी बदलायची म्हणजे वर पैसे, एसएमपीएस काकांच्या अनुभवावरून बदललेलाच बरा म्हणजे आणखी, विंडोजचं लायसन घ्यायचं तर ते एकटंच काही हजारांचं, आणि मॉनिटर नको असलेला. म्हणजे पंधरा-सोळा हजारांच्या पुढे जाऊन हातात २०१२ चा प्रोसेसर राहतो. वहिनी म्हणतात ते मला पूर्ण पटतं, हाच डबा कोणी जुना म्हणून ४-५ हजारांना देत असेल आणि घरात लिनक्सवालं माणूस असेल तर मी स्वतः घ्या म्हणेन.

माझा सल्ला, सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत जाऊन लीजवरून परत आलेलं कंपनीचं छोटं मशीन विचारा. मोठी ऑफिसं तीन-चार वर्षांसाठी भाड्याने घेतात आणि मग एकदम परत करतात. डेलचं ऑप्टिप्लेक्स ३०६० किंवा ७०६० मायक्रो, लेनोव्होचं थिंकसेंटर एम७२०क्यू, एचपीचं एलाइटडेस्क ८०० जी४ मिनी, ही सगळी आठव्या जनरेशनची. आकार जाडजूड पुस्तकाएवढा. त्यात आय-५ ८५००टी असतो, सहा कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आणि ३५ वॉटचा, त्या ३४७० ला चार कोअर आणि ७७ वॉट. आत एसएमपीएस नसतोच, लॅपटॉपसारखा बाहेरचा ॲडॅप्टर, म्हणजे काकांचं दुखणं निघालं. विंडोज १० प्रोचं लायसन कंपनीने बोर्डातच घातलेलं असतं, त्यावर विंडोज ११ फुकट आणि सरळ मार्गाने चढतं. डेल असेल तर मागे सर्विस टॅग असतो, तो त्यांच्या साइटवर टाकला की मशीन कधी विकलं गेलं ते दिसतं.

एक उणी बाजू सांगून ठेवतो, छोट्या डब्यात पुढे वाढवायला जागा नाही आणि ॲडॅप्टर हरवला तर त्याच कंपनीचा घ्यावा लागतो. तुमच्या कामाला त्याने काही बिघडत नाही.

प्रेषक: ताई, सुदामा नगर

मंडळी,

घेतलं. भाचीबरोबर तीन दुकानं फिरले, दोन ठिकाणी टास्क मॅनेजर म्हणल्यावर चेहरे बदलले, तिसऱ्या मुलाने स्वतःहून उघडून दाखवलं. थिंकसेंटर, ८५००टी, ८ जीबी डीडीआर-४, एक स्लॉट रिकामा, २५६ ची नवी एसएसडी. १५,२०० ला, पक्क्या बिलावर, एसएसडीचा नंबर त्यात लिहून. मॉनिटर वेगळा घेतला, २२ इंची फुल एचडी, तो धरून बजेटच्या बाहेर गेले हे खरंय. ह्यांना मी सांगितलं की ह्या वर्षी महेश्वरी साडी नको मला, ते म्हणाले दोन्ही घे, पण मला खरंच नको होती. काकांनी सांगितलेला यूपीएस तेवढा पुढच्या महिन्यात घेईन, तोवर लाइट जायची लक्षणं दिसली की बंद करून ठेवते.

मराठी टायपिंग भाचीने लावून दिलं, विंडोजमधेच मराठी फोनेटिक कीबोर्ड असतो हे मला माहीतच नव्हतं. कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्याकडे आधी दहा पानं करून घेतली होती, त्याने कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमधे केली, मेलमधे टाकली की सगळी अगम्य अक्षरं येतात, ती युनिकोडमधे बदलून घ्यावी लागणार. ही नवीन सगळी युनिकोडमधेच, म्हणजे कुठल्याही फोनवर-कॉम्प्युटरवर नीट दिसतील अशी, आहेत, मुलाने तिकडे फोनवर वाचली.

काका, तुमच्या सौच्या पेपरांचं वाचल्यापासून रोज रात्री एक कॉपी पेन ड्राइव्हवर आणि एक स्वतःलाच मेल करते. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, जे पेपर विद्यार्थ्यांकडे छापील पडले असतील ते गोळा करा, मी टाइप करून देईन, खरंच. आता हात बसलाय.

पहिली वही ३२ पानांपर्यंत आलीये. एका पानावर "आज मुनीमजींनी जोड चुकवली, मी रात्री साडेअकरापर्यंत बसून काढली, फरक दोन आणे" असं आहे. त्याच्या पुढच्या पानावर चार ओळी मोडीत आहेत, त्या माझ्याच्याने लागत नाहीत. यादीवर कोणाला मोडी वाचता येत असेल तर फोटो पाठवते.