उंबराचं फूल मुलांना दाखवता येतं
झाडांना नावांच्या पाट्या लावल्या की मुलं ती आपोआप ओळखू लागतात, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ते मला अर्धंच पटलं. पाटी वाचून मूल पुढे पळतं. थांबण्यासाठी त्याला काहीतरी उघडून बघायला मिळायला हवं. आपल्याकडे त्यासाठी उंबर फार चांगला. क्वचित भेटणाऱ्याला आपण 'उंबराचं फूल झालास' म्हणतो, पण ते फूल फळाच्या आतच असतं!

माझ्या सात वर्षांच्या भाचीला खोडाला लगडलेलं हिरवं उंबर मधोमध चिरून दिलं, हातात भिंग दिलं. आत दाटीवाटीने बारीक फुलं. मग पिकायला आलेलं फोडलं, तर चिलटांएवढे कीटक. "किडकंय" म्हणून ती टाकायला निघाली. या कीटकाची मादी फळाच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरते, सोबत परागकण आणते आणि काही फुलांत अंडी घालते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर भिंत कोरून वाट करतात, आणि माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. हे सांगितल्यावर भाची तासभर झाडाखालून हलली नाही, प्रत्येक फळाचं छिद्र शोधत होती. चीक मात्र हाताला चिकटतो, खोबरेल तेल जवळ ठेवा.