'थिअरी'ला मराठीत काय म्हणाल? अटकळ, आडाखा, कयास की आणखी काही?

केतकीपान:
एका शब्दावर आठ दिवस अडले आहे, मदत हवी.

आम्ही सात मैत्रिणी दर शनिवारी संध्याकाळी कर्वेनगरात एकीच्या गच्चीवर जमतो आणि 'वन्स अपॉन अ टाइम' या अमेरिकन मालिकेवर बोलतो. तिसरा सीझन ११ मे २०१४ ला संपला. चौथा अमेरिकेत २८ सप्टेंबरला सुरू होतोय, म्हणजे आपल्याकडे २९ ची सकाळ उजाडलेली असेल. मधले साडेचार महिने नुसती वाट पाहायची. पुढे काय घडेल याबद्दल जिला जे सुचेल ते आम्ही एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवतो, आणि मराठीतच लिहायचं असा नियम केलाय. वहीच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरात लिहिलं, 'आमचे आडाखे'.

परवा श्रावणी शुक्रवार. आजी पुरणाचे दिवे करत बसली होती, वही शेजारीच पडलेली. तिने पिवळ्या बोटांनी ती जरा दूर सरकवली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "आडाखा पावसाचा असतो, पिकाचा असतो. गोष्टीचा आडाखा कुठून आणलास? गोष्टीची अटकळ बांधायची."

शनिवारी मी 'अटकळी' सुचवलं तर मैत्रिणी नाराज. पेपरात 'अटकळींना ऊत' असं येतं ना, त्यामुळे तो शब्द अफवांच्या शेजारी जाऊन बसलाय. आम्ही एकेक भाग तीन-तीनदा बघून लिहितो, त्याला अटकळ म्हणायचं?

तर 'थिअरी'ला काय म्हणू?

पेठकर:
उपपत्ती. सरळ, नेमका आणि आपल्या भाषेत मुरलेला शब्द आहे. सिद्धांत म्हणजे सिद्ध झालेला, तो इथे चालणार नाही. एखादी गोष्ट अशी का घडली, याची जुळणी लावून दाखवणं म्हणजे उपपत्ती. तुम्ही मुली तेच करताय. कयास अरबी, अंदाज फारसी, थिअरी इंग्रजी. तिन्ही घरांतून उसनं आणण्याआधी आपली फडताळं उघडून पाहावीत. आणि परीकथेवरच्या मालिकेबद्दल लिहिताना 'सीझन' तरी का? 'पर्व' म्हणा.

मुळामुठा:
पेठकरकाका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण कट्ट्यावर 'मी एक उपपत्ती मांडते' असं कोणी म्हटलं तर पुढचं वाक्य कोणी ऐकणार नाही. आमच्या कॉलेजात 'थिअरी टाकली' म्हणतात. 'काल तिने एक भारी थिअरी टाकली.' इंग्रजीत थिअरी कोणी टाकत नाही, टाकणं आपलं आहे. पत्ता टाकतो, डाव टाकतो, तशी थिअरी टाकतो. नाम बाहेरचं आलं तरी क्रियापद आपलं लागलं की शब्द घरचा झाला, असं मला मनापासून वाटतं.

दीपमाळ:
मुळामुठाने क्रियापदाचा मुद्दा काढला तो महत्त्वाचा आहे. अटकळ *बांधतात*. आडाखेही *बांधतात*. तर्क *लढवतात*. अंदाज *घेतात*. सिद्धांत *मांडतात*. होरा मात्र बहुतेकदा *चुकतो* किंवा *खरा ठरतो*. केतकी, तुमच्या गच्चीवर तुम्ही काय करता, बांधता की लढवता? त्यावरून शब्द ठरेल.

केतकीपान:
लढवतो! गेल्या शनिवारी दोघी अर्धा तास बोलत नव्हत्या एकमेकींशी.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी भांडणाचं कारण सांगते. तिसऱ्या सीझनच्या शेवटी नायिका एमा आणि कॅप्टन हुक भूतकाळात जाऊन परत येतात. परतीची वाट जादूगार रम्पलस्टिल्टस्किनच्या (आमच्या भाषेत रम्पल) तळघरातून उघडते, आणि त्यांच्याबरोबर तिथला एक नक्षीदार कलशही ओढला जातो. स्टोरीब्रुक या मालिकेतल्या गावच्या धान्यकोठारात तो कलश उघडतो, निळा द्रव बाहेर वाहतो, त्याची एक बाई होते, ती हातमोजा काढते आणि सगळं गोठवत चालायला लागते. 'फ्रोझन' सिनेमातली एल्सा! बस, तिथेच संपतं. तिला कलशात कोणी कोंडलं, यावर आमची वही भरत आली आहे. एक म्हणते रम्पलनेच, कारण त्याच्या तळघरात तो अतिधोकादायक वस्तूच ठेवतो. दुसरी म्हणते, त्याने कोंडलं नाही, कोंडलेली मिळवली.

तीस_वर्षं_वेधशाळेत:
मी मालिका पाहत नाही. पण आडाख्याबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे. पुण्याच्या वेधशाळेत, म्हणजे 'शिमला ऑफिसात', तीस वर्षं काढली. आम्ही कायम 'अंदाज' लिहायचो, 'भाकीत' कधीच नाही. आणि माझे वडील पुरंदर तालुक्यातले शेतकरी, ते आडाखे सांगायचे. टिटवीने अंडी नदीच्या पात्रात घातली की काठावर उंचावर, मुंग्या अंडी घेऊन कुठल्या दिशेला निघाल्या, सहदेव-भाडळीच्या जुन्या पाऊसपाण्याच्या पोथीत काय सांगितलंय. मी घरी आलो की आमचा वाद व्हायचा. ते म्हणायचे, "तुझा अंदाज यंत्राचा, माझा आडाखा आजोबांचा." त्यात मला आडाख्याचा अर्थ कळला. पूर्वी अनेकदा असंच घडलंय, म्हणून आताही घडेल, हा आडाखा. एकदाच पाहिलेल्या गोष्टीवरून आडाखा होत नाही.

तेव्हा आजींचं बरोबर आहे, पण थोडं पुढे जाऊन म्हणतो. मालिका लिहिणाऱ्यांच्या काही सवयी असतील, आणि त्या सवयींवरून तुम्ही बोलत असाल, तर गोष्टीचाही आडाखा होतो.

केतकीपान:
काका, अगदी असंच आहे! पहिल्या सीझनच्या शेवटी जांभळा धूर पसरतो आणि गावात जादू येते, दुसरा सीझन त्या जादूचा. दुसऱ्याच्या शेवटी सगळे एमाच्या मुलाला, हेन्रीला, शोधायला जहाजातून नेव्हरलँडला निघतात, तिसरा तिथूनच सुरू. शेवटच्या दृश्यात पेरलेलं पुढे उगवतंच. म्हणजे 'चौथा सीझन एल्साचा' हा आडाखा. आणि 'तिला कोणी कोंडलं' ही अटकळ?

अबोली:
मी त्या गच्चीवरचीच. माझ्या लिखाणाला अटकळ म्हणू नका, कळकळीने सांगते. माझं म्हणणं असं की एल्सा खलनायिका नाहीच. डॅनिश लेखक अँडरसनने १८४४ साली 'हिमराणी' लिहिली. तिच्यात दुष्ट आरशाचे तुकडे जगभर उडतात, एक काई नावाच्या मुलाच्या डोळ्यात आणि एक काळजात जातो, त्याला सगळं वाईटच दिसायला लागतं, आणि त्याच्या मैत्रिणीच्या, गेर्डाच्या अश्रूंनी काळजातला तुकडा विरघळतो. २०१३ मध्ये एल्साचा सिनेमा आला, तो या कथेवरून सुचलेला, पण त्यात तो आरसा नाही आणि काईला पळवून नेणारी ती मूळ राणीही नाही. म्हणजे खरी हिमराणी त्या सिनेमात वापरलेलीच नाही! ही मालिका जुन्या कथांचे राहिलेले धागे उचलते. म्हणून दुसरी एक हिमराणी येणार, आणि आरसा येणार. यातली प्रत्येक पायरी मी दाखवू शकते. हा तर्क आहे.

पेठकर:
अबोली, पायऱ्या दाखवता येतात म्हणजेच ती उपपत्ती. तुम्ही माझाच शब्द सिद्ध केलात.

दीपमाळ:
वर मी होऱ्याचा उल्लेख केला, तो कोणाच्या नजरेत आला नाही. माझ्या मते तोच सर्वांत सुंदर शब्द आहे. 'माझा होरा आहे' म्हटलं की त्यात पुराव्याचा आव नसतो, पण मनाची खात्री असते. चाहत्याचं मन असंच चालतं. आणि हा शब्द किती लांबून आलाय! ग्रीक 'होरा', म्हणजे तास. तिथून तो आपल्या ज्योतिषात आला, ज्योतिषातून आजीच्या तोंडी. इंग्रजीतला 'अवर' त्याचा चुलतभाऊ.

पेठकर:
होरा ग्रीक नाही. 'अहोरात्र' या शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की मधे होरा उरतो. वराहमिहिराने 'बृहज्जातक' या ज्योतिषग्रंथात सुरुवातीलाच हे सांगितलं आहे.

दीपमाळ:
तो श्लोक नीट वाचावा. 'एके वाञ्छन्ति' असं आहे. काहीजणांचं असं म्हणणं आहे, एवढंच वराहमिहिर सांगतो. आणि त्याच ग्रंथात तो मेष-वृषभांना क्रिय आणि तावुरि ही ग्रीक नावंही देतो. 'केंद्र' हा शब्दही ग्रीकच, आणि तो तुम्ही दिवसातून दहादा वापरत असाल. दीड हजार वर्षांपूर्वीच्या पंडिताला परका शब्द जवळचा वाटला, तर आपल्याला इतका त्रास का व्हावा?

पेठकर:
त्रास शब्दाचा नाही, सवयीचा आहे. वराहमिहिराने शब्द घेतला तेव्हा ती कल्पनाच आपल्याकडे नवी होती. तुम्ही मात्र घरात असलेल्या कल्पनेसाठी बाहेरचा शब्द आणता आणि घरातला विसरता. माझ्या नातवाला 'हंगाम' कळतो, 'सीझन' कळतो, 'ऋतू' विचारला की तो थांबतो. हे मी रोज पाहतो आणि मला वाईट वाटतं.

उसाचं_पेर:
हंगाम आणि पर्व यांवर मला बोलायचंय, कारण माझं आडनाव सोडून बाकी सगळं आयुष्य उसात गेलंय.

आमच्याकडे कारखान्याचा गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेटतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. अमेरिकेतल्या वाहिन्यांचंही तसंच दिसतंय, सप्टेंबर ते मे. म्हणजे 'सीझन' हा काळाचा शब्द आहे, आणि काळासाठी हंगाम चोख. फारसी असेल, पण उसाला पाणी देणाऱ्या माणसाला तो फारसी वाटत नाही.

पर्व वेगळं. पर्व म्हणजे मुळात सांधा, गाठ. त्यावरूनच उसाचं पेर आणि बोटाचं पेर. महाभारताची अठरा पर्वं म्हणजे कथेची अठरा पेरं. केतकी, मला एक सांगा, एका सीझनमध्ये एकच कथा असते का?

केतकीपान:
नाही! तिसऱ्यात २२ भाग होते, पण पहिले ११ नेव्हरलँडचे आणि पुढचे ११ ऑझच्या दुष्ट चेटकिणीचे. मधे चक्क तीन महिन्यांची सुट्टी.

उसाचं_पेर:
मग झालं. एक हंगाम, दोन पर्वं. कांडं एकच, पेरं दोन. 'सीझन'ला सरसकट पर्व म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

मुळामुठा:
हे फारच आवडलं. वहीत लिहून ठेव केतकी.

पेठकरकाका, एक राहिलं. तुम्ही वर 'परीकथा' लिहिलंत. 'परी' फारसी आहे.

पेठकर:
आहे, मान्य. घाईत लिहिलं गेलं. 'अद्भुतकथा' म्हणायला हवं होतं. खरं तर त्याचीही गरज नाही, आपल्याकडे 'कहाणी' आहे. केतकीची आजी ज्या शुक्रवारी दिवे करत होती, त्याच शुक्रवारी जिवतीची कहाणी वाचली गेली असेल. तिची सुरुवात कशी होते? आटपाट नगर होतं. या मालिकेच्या नावाचं भाषांतर करायचं तर मी क्षणभरही विचार न करता 'आटपाट नगर' करीन. स्टोरीब्रुक हे दुसरं काय आहे?

अबोली:
काका, हे मात्र अंगावर काटा आणणारं आहे. शापाखालचं गाव, जिथे कोणालाच आपण मूळचे कोण ते आठवत नाही, आणि त्याचं नाव आटपाट नगर.

पण एक फरक आहे. कहाणीत कोणी तर्क लढवत नाही. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होणार, हे पहिल्या वाक्यालाच ठाऊक असतं. आम्ही लहानपणी अक्षता हातात घेऊन बसायचो ते शेवटी टाकायला, पुढे काय होईल या काळजीने नाही. थिअरी अर्धवट सोडलेल्या गोष्टीचीच होते.

तीस_वर्षं_वेधशाळेत:
अर्धवट गोष्टी आपल्याकडेही होत्या. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात एक काकू रात्री ओट्यावर गोष्ट सांगायच्या आणि ऐन वेळी "आता उरलेली उद्या" म्हणून उठायच्या. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना आम्ही चौघं सबंध लक्ष्मी रस्ताभर पुढची गोष्ट रचत जायचो. संध्याकाळी एखाद्याचं खरं निघालं की काकू म्हणायच्या, "बरोबर ताडलंस." *ताडणं*. हा शब्द या चर्चेत कोणीच काढला नाही.

दीपमाळ:
ताडणं सुरेख आहे, पण ते बरोबर आल्यावरच म्हणता येतं. चुकीचं ताडलं असं आपण म्हणत नाही. मे ते सप्टेंबर वाट पाहणाऱ्याला तो शब्द उपयोगाचा नाही.

'आटपाट' कशावरून आलं असेल? माझी समजूत, हाट आणि पाट. बाजार आणि पाण्याचा पाट, दोन्ही असलेलं ते भरलेलं नगर.

पेठकर:
हाटमधला 'ह' गेला कुठे? मला 'पाट' म्हणजे सिंहासन, राजपाटातला पाट वाटतो. कहाणीत नगरानंतर लगेच 'तिथे एक राजा होता' असतं, ते उगीच नाही.

उसाचं_पेर:
पाण्याचा पाटच. राजा काय, कुठेही असतो. पाट असल्याशिवाय नगर भरत नाही.

केतकीपान:
आटपाट नगरासाठी वेगळा धागा काढूया का? मला शनिवारी वहीचं पहिलं पान बदलायचंय आणि अजून शब्द ठरलेला नाही.

मधल्या वेळात एक झालं. काल रात्री आजीला शेवटचं दृश्य दाखवलं. दोनदा. निळं पाणी वाहायला लागलं तशी ती खुर्चीत पुढे सरकली. नंतर औषधाची गोळी हातात तशीच धरून म्हणाली, "हिला परक्याने नाही कोंडलेलं. जिला हिची भीती वाटत होती अशा घरातल्याच कोणीतरी कोंडलंय. आणि कोंडणारीला पुढे फार वाईट वाटलं असणार." मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. वर काय लिहू कळेना, म्हणून लिहिलं, 'आजीचं म्हणणं'.

अबोली:
घरातलंच कोणी? म्हणजे एल्साची बहीण ॲना? मी शनिवारी यावर अजिबात गप्प बसणार नाही.

मुळामुठा:
'म्हणणं' चांगलंय की. अबोलीनेही वर 'माझं म्हणणं असं की' अशीच सुरुवात केली होती.

पेठकर:
म्हणणं म्हणजे मत. मत आणि उपपत्ती यांत फरक आहे.

उसाचं_पेर:
एक विचारायचं राहिलं. केतकी, तुम्ही त्या भांड्याला कलश लिहिलंत. कलश पूजेचा असतो, नाहीतर देवळावरचा. माणूस कोंडायचं भांडं कलश कसं होईल? त्याचं तोंड केवढं आहे? रांजणासारखं की घटासारखं?