वर्कस्पेस अ‍ॅपचा प्लॅन: नेमकं कुठे अडलं म्हणून पैसे भरलेत?

शाईची_दौत
आम्ही पाच जण मिळून काम करतो. नोंदी, फायली, कामांच्या याद्या, सगळा पसारा एका अ‍ॅपमध्ये आणायचं घाटतंय. दोन आठवडे प्लॅनचे तक्ते बघून डोळे फिरलेत. जिथे जावं तिथे मधल्या रकान्यावर 'सर्वांत लोकप्रिय' अशी पट्टी. कोणात लोकप्रिय, ते कुठेच लिहिलेलं नसतं!

तर तक्ते नकोत, अनुभव लिहा. फुकट प्लॅन सोडलात तो नेमका कुठे अडलात म्हणून? आणि पैसे भरल्यावर ती अडचण गेली का? चुका झाल्या असतील तर त्या आधी लिहा.

एकटा_जीव
भाषांतरं करतो, एकटाच. नोशन हे नोंदींचं अ‍ॅप वापरतो, आजवर पैसे भरलेले नाहीत. एकट्यासाठी तिथे फुकट प्लॅनमध्येही पानांना मर्यादा नाही. मी अडलो फायलींपाशी. फुकटात एक फाइल ५ एमबीपर्यंतच चढते आणि माझी स्कॅन केलेली पुस्तकं त्याच्या कितीतरी वर. कार्ड काढून बसलो होतो. मग लक्षात आलं, फाइल नोंदीतच कशाला हवी? ती ड्राइव्हवर ठेवली, नोंदीत नुसती लिंक. प्रश्न मिटला.

एक चूक मात्र केली. बायकोला याद्या दिसाव्यात म्हणून तिला मेंबर केलं. एकाहून जास्त मेंबर झाले की फुकट प्लॅनमध्ये ब्लॉकची (परिच्छेद, चित्र, यादीतली ओळ असा पानावरचा एकेक तुकडा) मर्यादा लागू होते, हे मी वाचलंच नव्हतं. तिला मेंबरमधून काढून गेस्ट केलं, म्हणजे हवी तेवढीच पानं तिला दाखवली, आणि पुन्हा सुरळीत. मेंबर आणि गेस्ट यांतला फरक आधी समजून घ्या, बाकीचा तक्ता नंतर.

उंटावरचा_शहाणा
ट्रेलो या कामांच्या याद्यांच्या अ‍ॅपवर फुकटात एका वर्कस्पेसला १० बोर्ड (कामांचे फळे) मिळतात. अकरावं हवं म्हणून पैसे भरायला निघालो होतो. उघडून पाहिलं तर दहांतल्या चार बोर्डांना वर्षभरात कुणी हात लावलेला नाही. ती बंद केली. प्लॅन घेण्याआधी झाडू घ्या.

हिशेबी_मुंगी
माझा अनुभव जरा लांबलचक आहे, पण तुमच्या कामाचा वाटतो.

आमच्या ऑफिसात एका अ‍ॅपच्या बावीस सीटचे (माणशी एक सीट) पैसे जायचे. ते अ‍ॅप निवडलं तेव्हा मी नव्हते, बिल मात्र माझ्या टेबलावर येऊ लागलं. एका दुपारी अ‍ॅडमिनच्या पानावरून सगळी नावं एका शीटमध्ये उतरवली आणि शेजारच्या रकान्यात प्रत्येकाने शेवटचं लॉगिन कधी केलं ती तारीख टाकली. मग तारखेप्रमाणे क्रम लावला. तळाशी नऊ नावं अशी, की कित्येक महिन्यांत कोणी फिरकलेलं नाही. त्यांतली दोन माणसं नोकरी सोडून गेलेली. एक नाव होतं 'टेस्ट टेस्ट'. आमच्याच कुणीतरी सुरुवातीला करून बघण्यासाठी बनवलेलं ते खातं, आणि त्याचे पैसे आम्ही इमानेइतबारे भरत होतो!

आता खरी गंमत. नऊ सीट कमी करायला गेले तर कळलं, आमचा करार वार्षिक. सीट वर्षाच्या मध्ये वाढवता येतात, कमी मात्र रिन्युअललाच होतात. वार्षिक प्लॅनमध्ये जे स्वस्त पडलं म्हणून खूश होतो, ते त्या 'टेस्ट टेस्ट'नं खाल्लं. रिन्युअलला पाच महिने होते. कॅलेंडरमध्ये तारखेच्या दहा दिवस आधी गजर लावून ठेवला, कारण ऑटो-रिन्यू झाल्यावर हात चोळण्यापलीकडे काही उरत नाही.

सगळीकडे असंच असतं असं नाही. स्लॅक या चॅटच्या अ‍ॅपमध्ये वापरात नसलेल्या मेंबरचे पैसे क्रेडिट म्हणून वळते होतात. पण ते गृहीत धरू नका, बिलिंगचं पान उघडून वाचा.

तेव्हा पहिले तीन महिने मासिक भरा. थोडे जास्त जातात, जाऊ देत. तेवढ्यात कोण खरंच वापरतंय ते कळतं.

शाईची_दौत
'टेस्ट टेस्ट' वाचून ऑफिसात एकटीच हसले. वार्षिक विरुद्ध मासिक याबद्दल आणखी कुणी लिहील का?

संथ_वाहते
मुंगीताईंना +१. आमच्याकडे उलटं झालं. पहिलं वर्ष वार्षिक घेतलं, काम कमी झालं, म्हणून फुकट प्लॅनवर परत आलो. पानं सगळी जागच्या जागी, म्हणून निर्धास्त होतो. पण दर महिन्याला रिपोर्टची आठवण करून देणारं ऑटोमेशन वरच्या प्लॅनमधलं होतं, ते गुपचूप थांबलं. आम्हाला कळलं ते समोरच्याने 'या महिन्याचा रिपोर्ट?' असं विचारल्यावर. प्लॅन खाली आणायच्या आधी काय काय बंद पडणार, याची यादी हाताने करा. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, घाई आमचीच होती.

दोन_ओळींची_वही
दोनच गोष्टी.

एक, मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस बेसिकमध्ये वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर चालतं, कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायची अ‍ॅप्स मिळत नाहीत. आमचे हिशेबनीस मॅक्रोशिवाय (नेहमीची कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमशिवाय) एक्सेल उघडत नाहीत, ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये ते मॅक्रो चालत नाहीत. घेता घेता वाचलो.

दोन, चॅट असेल तर जुने मेसेज किती दिवस दिसतात ते बघा. स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये आधी १०,००० मेसेजची मर्यादा होती, सप्टेंबर २०२२ पासून ९० दिवसांची झाली. आणि २०२४ पासून फुकट वर्कस्पेसमधला एक वर्षाहून जुना मजकूर काढूनच टाकतात. म्हणजे आधी पैसे भरले की जुनं सगळं परत दिसायचं, आता वर्षापलीकडचं भरूनही दिसणार नाही. आम्ही ठरलेल्या गोष्टी चॅटमध्ये ठेवतच नाही, त्याच दिवशी नोंदीच्या पानावर उतरवतो.

फळा_आणि_खडू
विद्यार्थी किंवा शिक्षक असाल तर आधी शिक्षणसंस्थेच्या ईमेलने काय मिळतं ते तपासा. नोशनचा प्लस हा एरवी पैशाचा प्लॅन विद्यार्थ्यांना एका मेंबरपुरता फुकट असतो. सेवाभावी संस्था असेल तर गूगल वर्कस्पेसची वेगळी योजना आहे. माझ्या ओळखीच्या एका संस्थेने दोन वर्षं पैसे भरल्यावर हे विचारलं.

एकटा_जीव
अवांतर: ट्रायलमध्ये फक्त डेमो बघत बसू नका. पहिल्याच दिवशी आपला सगळा मजकूर एक्स्पोर्ट करून बघा. मी एकदा करून पाहिलं तर तक्ते सुटसुटीत सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फायलींत) आले, पण आतल्या लिंका सगळ्या तुटलेल्या. तरी तेच अ‍ॅप घेतलं, पण निदान डोळे उघडे ठेवून.

शाईची_दौत
सगळ्यांचे आभार. काल बसून पाच जणांची यादी केली. तिघं रोज लिहितात, दोघं नुसतं वाचतात, म्हणजे तीन मेंबर आणि दोन गेस्ट. आमच्या कामात मोठ्या फायली नाहीत, चॅट फोनवरच चालतं. म्हणजे मधल्या रकान्यातलं आम्हाला लागणारं असं फार काही नाही. अडतंय ते दोनच ठिकाणी: तीन मेंबर म्हणजे नोशनच्या फुकट प्लॅनमध्ये ब्लॉकची मर्यादा आलीच, आणि दुसरं पेज हिस्टरीचं, म्हणजे पानाची जुनी रूपं परत आणण्याची सोय. आमच्यातला एक जण तक्त्यातली आख्खी ओळ पुसतो आणि ते आठवड्याने कळतं, त्यामुळे फुकटातली सात दिवसांची हिस्टरी आम्हाला पुरणार नाही. त्यासाठी मासिक घेऊन बघतोय.

नुसतं वाचणाऱ्या दोघांना आज मेसेज केला, 'तुम्हाला गेस्ट करू का?' एकाचा अजून पत्ता नाही. दुसऱ्याने विचारलं, 'कुठल्या अ‍ॅपबद्दल बोलतेयस?'